थंड टोकाचा हिशेब

कोल्हापूरच्या उद्यमनगरात थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचा प्रोब, शोधत फिरावं लागत नाही. हीट ट्रीटमेंटवाले, फाउंड्रीवाले, प्लास्टिक मोल्डिंगवाले, कुणाचाही ड्रॉवर उघडा, टोक जळालेलं एखादं तरी सापडतंच. दोन वेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला वितळवून एकत्र केलेल्या, वर स्टीलची नळी. ना बॅटरी, ना हलणारा भाग. टोक आगीत घाला, दुसऱ्या बाजूला व्होल्टेज मिळतो. इतकी साधी वस्तू की तिच्याकडे कुणी धड बघत नाही. माझा धंदाच पॅनेल दुरुस्तीचा, त्यामुळे मला बघावं लागतं. बघता बघता नाद लागला, ही गोष्ट वेगळी.

आणि या नादाला कोल्हापूरसारखी जागा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत लोखंडाचा रस १४०० अंशांच्या वर खेळत असतो. हुपरीच्या मुशीत चांदी ९६१.७८ अंशांना वितळते (हा आकडा जगभरात तापमानाची पट्टी ठरवायला वापरतात, हे तिथल्या किती पैंजणवाल्यांना ठाऊक असेल कोण जाणे). आणि करवीर, पन्हाळा, कागलकडच्या गुऱ्हाळांत रस आटत आटत ११८ अंशांच्या आसपास आला की काहील उतरवतात. तिन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या तापमान डोळ्यांनी आणि बोटांनीच ओळखलं गेलं, आणि ते बहुतेक वेळा बरोबरच होतं.

माझ्या मामेभावाचं भोगावतीकाठी गुऱ्हाळ आहे. त्याच्याकडचे गुळव्या (गूळ कधी झाला ते ओळखणारे) आबा आता थकले. त्यांच्या हाताखाली तयार झालेला पोरगा पुण्याला कंपनीत लागला. भावाची काळजी सरळ होती: आबा आहेत तोवर त्यांच्या नजरेला काहीतरी काटा लावून ठेवावा. तो म्हणाला, "बाजारात डिजिटल मिळतंय की रे, त्येच बसवूया." मिळतं, खरं आहे. मॅक्स ६६७५ नावाची चिप असलेलं बोटभर मॉड्यूल येतं, पाव अंशापर्यंत आकडा देतं, एक हजाराच्या पुढं जातं. मी ते बसवलं नाही. त्याची कारणं काही भावनिक आहेत, काही नाहीत. भावनिक आधी सांगून टाकतो: ती चिप सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मजेशीर भाग पोटात घालून बसते. आकडा तेवढा बाहेर येतो.

तो भाग म्हणजे थंड टोक.

थर्मोकपल काहिलीचं तापमान सांगत नाही. काहिलीतलं टोक आणि मीटरजवळचं टोक यांच्यातला फरक तेवढा सांगतो. दोन्ही टोकं एकाच काहिलीत बुडवली तर व्होल्टेज शून्य, मग रस कितीही उकळत असो. के टाइप म्हणजे क्रोमेल आणि अल्युमेल या दोन मिश्रधातूंच्या जोडीत एका अंशाच्या फरकाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट मिळतात. एक टोक बर्फाच्या पाण्यात आणि दुसरं ११८ अंशांवर असेल, तर ४.८४ मिलीव्होल्ट. पण गुऱ्हाळात बर्फ कुठून आणायचा? तिथं दुसरं टोक भिंतीवरच्या डब्यात असतं, आणि तो डबा सकाळी २० अंशांवर, दुपारी ३५ वर. काहील जागची हलली नाही तरी आकडा पंधरा अंशांनी घसरेल. म्हणजे आगीचं माप घ्यायचं तर आधी आपण कुठं उभे आहोत ते मोजावं लागतं. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या "टेंपरेचर चुकीचं दाखवतंय" या तक्रारींपैकी पुष्कळशा प्रोबच्या नसतातच, या दुसऱ्या टोकाच्या असतात.

ही तारेची करामत पहिल्यांदा पाहिली थॉमस योहान सीबेक यांनी, १८२१ मध्ये, बर्लिनला. दोन धातूंची कडी केली, एका जोडाला ऊब दिली आणि शेजारचं होकायंत्र हललं. सीबेकना वाटलं, उष्णतेनं चुंबकत्व तयार झालं. ते त्याला विजेचा खेळ मानायलाच तयार नव्हते. पृथ्वीचं चुंबकत्वसुद्धा ध्रुव आणि विषुववृत्त यांच्या तापमानातल्या फरकानं आलं असावं, इथपर्यंत त्यांची गाडी गेली. विजेचं नाव त्याला दिलं ते ओर्स्टेड यांनी. मला त्याहून आवडतो तो पुढचा किस्सा. ओम यांनी आपला नियम शोधताना १८२६ मध्ये विजेचा स्रोत म्हणून बॅटरी सोडून थर्मोकपल घेतला, कारण त्या काळच्या बॅटऱ्यांचा व्होल्टेज प्रयोग चालू असतानाच उतरायचा. एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. जोवर पाणी उकळतंय आणि बर्फ आहे तोवर व्होल्टेज ढळत नाही. आज आपण थर्मोकपलचं सर्किट ओमच्या नियमानं सोडवतो, आणि तो नियमच थर्मोकपलच्या जिवावर सापडलेला आहे.

अजून एक गोष्ट, जी डिप्लोमाला आम्हाला कुणी नीट सांगितली नाही. व्होल्टेज जोडात तयार होतो असा सगळ्यांचा समज असतो. जोड फक्त दोन तारांना एकत्र बांधतो. व्होल्टेज तयार होतो तो तारेच्या लांबीत, जिथं जिथं तापमान चढतं-उतरतं तिथं. चुलवाणाच्या भिंतीतून तार बाहेर येते तो वीतभर तुकडा खरं काम करत असतो. म्हणूनच भट्टीवरचे लोक जळालेलं टोक कापून पुन्हा वेल्ड करतात तेव्हा काम चालून जातं, आणि म्हणूनच कधी कधी चालत नाही: टोक नवं झालं तरी मधली तार वर्षानुवर्षं भाजून तिची जातच बदललेली असते. अशा प्रोबला टोक पुन्हा पुन्हा जोडून देणारे कारागीर मी पाहिलेत. चूक टोकात नसतेच, तर सापडणार कशी?

आता प्रामाणिकपणे बोलायचं तर ११८ अंशांसाठी थर्मोकपल ही पहिली निवड नव्हे. पीटी १०० (प्लॅटिनमचा रोध बघून तापमान सांगणारा सेन्सर) घेतला असता तर जास्त अचूक झालं असतं. के टाइपची साधी तार मुळातच सव्वादोन अंशांपर्यंत इकडेतिकडे असू शकते, आणि गुळात दोन अंश म्हणजे रंग बदलायला पुरेसे. तरी मी के टाइप घेतला. प्रोब तुटला तर उद्यमनगरातून तासाभरात दुसरा मिळतो, आणि गुऱ्हाळ रस उकळत ठेवून कुणाची वाट बघत नाही. शिवाय एकाच प्रोबची चूक रोज तीच असते. एका माहितीतल्या तापमानावर तिला धरून ठेवलं की ती फारशी त्रास देत नाही. ते तापमान कोणतं, ते पुढं येईलच.

सर्किट असं. प्रोबचं डोकं (जिथं पुढची वायर जोडतात) चुलवाणाजवळ, हात टेकवत नाही इतकं तापतं. तिथून डब्यापर्यंत साधी तांब्याची वायर ओढली तर थंड टोक त्या तापलेल्या डोक्यातच बसतं. डोकं ७० वर आणि डबा ३० वर असेल तर काटा ४० अंश कमी दाखवणार. म्हणून डब्यापर्यंत एक्स्टेंशन केबलच हवी, जिच्या तारा प्रोबच्याच जातीच्या असतात. तिच्या रंगांचा घोळ हा एक स्वतंत्र तमाशा आहे. अमेरिकन पद्धतीत लाल तार ऋण असते. आपल्याकडं आयुष्यभर लाल म्हणजे प्लस असं शिकलेला वायरमन ती उलटी लावणार नाही तर काय करील? मी रंग बघतच नाही. खिशात लहान चुंबक ठेवतो. के टाइपची ऋण तार चुंबकाला थोडी ओढते, धन तार नाही. चुंबकाला अमेरिका कळत नाही आणि युरोपही कळत नाही.

डब्यात आलेले तीन-साडेतीन मिलीव्होल्ट वाढवायचे. इथं ७४१ हा ऑप-अँप (व्होल्टेज वाढवणारी चिप) घालायचा मोह होतो, कारण तो सगळ्यांच्या घरात पडलेला असतो. पण ७४१ चा स्वतःचा ऑफसेट, म्हणजे इनपुट शून्य असतानाही राहणारी चूक, एक मिलीव्होल्टभर सहज असतो, म्हणजे के टाइपच्या भाषेत २४ अंश. प्रीसेट (जुळवाजुळवीचा छोटा रेझिस्टर) फिरवून तो शून्य करता येतो, पण डबा तापला की तो पुन्हा सरकतो. म्हणून ओपी ०७. १९७५ च्या आसपास आलेला हा ऑप-अँप आजही माझा आवडता आहे: ऑफसेट मायक्रोव्होल्टच्या दोन आकड्यांत, आणि तापमानानं सरकतो तो अंशाला एक मायक्रोव्होल्टच्या आतबाहेर. त्याचा गेन, म्हणजे किती पट वाढवायचं ते, ठेवला साधारण २४२. का २४२? कारण ४१.३ मायक्रोव्होल्टचे २४२ पट केले की बरोबर १० मिलीव्होल्ट होतात. एका अंशाला दहा मिलीव्होल्ट.

आणि एलएम ३५ नावाचा तीन पायांचा सेन्सर काय देतो? एका अंशाला दहा मिलीव्होल्ट.

इथं मला दर वेळी आनंद होतो, आणि त्यात काही कमी होत नाही. एलएम ३५ डब्यातल्या टर्मिनलला अगदी चिकटवून बसवायचा, म्हणजे थंड टोक ज्या तापमानावर आहे तेच त्याला कळेल. त्याचा व्होल्टेज आणि वाढवलेला थर्मोकपलचा व्होल्टेज यांची दुसऱ्या ऑप-अँपनं बेरीज करायची. काहील ११८ वर आणि डबा ३२ वर असताना थर्मोकपल ३.५५ मिलीव्होल्ट देतो. वाढून ते ०.८६ व्होल्ट होतात. एलएम ३५ म्हणतो ०.३२. बेरीज १.१८ व्होल्ट. ११८ अंश. दुपारी ऊन पत्र्यावर आलं, डबा ४० वर गेला, तर पहिला आकडा जेवढा उतरतो तेवढाच दुसरा चढतो आणि बेरीज जागच्या जागी. आज्ञावली नाही, प्रोसेसर नाही, तक्ता पाठ असलेली चिप नाही. दोन व्होल्टेज आणि चार रेझिस्टर. बोट ठेवून दाखवता येतं की हे डब्याचं तापमान, हे फरकाचं, आणि हे काहिलीचं. त्या बोटभर मॉड्यूलमध्येही हेच घडतं, पण बोट कुठं ठेवणार?

के टाइप सरळ रेषेत चालत नाही हे मला ठाऊक आहे. शून्य ते हजारमध्ये त्याला सरळ धरून चाललं की बरेच अंश इकडेतिकडे होतात. पण गुऱ्हाळाला शून्य ते हजार नकोच आहे. ९५ ते १२५ एवढ्या गल्लीत तो पुरेसा सरळ आहे. सगळीकडे चालेल असं यंत्र करण्यापेक्षा एका काहिलीपुरतं केलेलं यंत्र किती सोपं होतं, हे या कामानं मला पुन्हा दाखवलं.

बारीकसारीक शत्रू बरेच. सर्किटमधला प्रत्येक जोड हाही एक थर्मोकपलच. तांब्याचा ट्रॅक आणि आयसीचा वेगळ्या मिश्रधातूचा पाय एकमेकांना भेटतात तिथं व्होल्टेज तयार होतोच. इनपुटचे दोन पाय एकाच तापमानावर असले तर तो एकमेकांत मिटून जातो, नसले तर नाही. दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या पॅनेलमध्ये व्होल्टेज रेग्युलेटर आयसीच्या एका बाजूला खेटून बसवला होता. भट्टी बंद असली तरी मीटर सकाळपासून दुपारपर्यंत हळूहळू चढायचा. रेग्युलेटर बाजूला नेला आणि झाकण लावून आतली हवा थांबवली, एवढंच केलं. गुऱ्हाळाच्या डब्यात म्हणून रेग्युलेटरच ठेवला नाही. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. त्याचा दुसरा फायदा असा की चरकाची मोटर आणि तिच्या स्टार्टरचा खटका यांचा डब्याशी थेट संबंध राहिला नाही. केबलच्या दोन्ही तारा पीळ घालून आणल्या, इनपुटला एक हजार ओहम आणि कपॅसिटरचा छोटा फिल्टर दिला. आणि शेवटचा फिल्टर म्हणजे काटा. लाइनच्या विजेच्या पन्नास हर्ट्‌झवर नाचायला त्याला जमतच नाही.

यातला एक रेझिस्टर भावाला समजावून सांगायला सगळ्यात वेळ लागला: दहा मेगाओहमचा, बॅटरीच्या प्लसपासून प्रोबच्या टर्मिनलपर्यंत. एरवी तो काहीच करत नाही. त्यातून एक मायक्रोअँपिअरही जात नाही. पण समजा प्रोबची तार आत कुठंतरी तुटली. तर काटा शून्यावर जाईल असं वाटतं ना? जाईलच असं नाही. फरक शून्य झाला तरी एलएम ३५ डब्याचं तापमान देतच राहतो, आणि काटा शांतपणे ३२ दाखवत बसू शकतो. खोटं बोलणारा काटा एक वेळ परवडला, पण पटेल असं खोटं बोलणारा परवडत नाही. विजेच्या भट्टीत हे फार महाग पडतं: कंट्रोलरला वाटतं भट्टी गार आहे, आणि तो आतलं सगळं जळेपर्यंत हीटर चालू ठेवतो. हा दहा मेगाओहम तार तुटली की इनपुट वर खेचतो आणि काटा पार उजवीकडं जाऊन आपटतो. आबांना एवढंच सांगितलं, काटा भिंतीला टेकला तर त्याचं ऐकू नका.

मग कॅलिब्रेशन. माहितीतलं तापमान म्हणून उकळतं पाणी घेतलं, पण १०० धरून नव्हे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं पाणी ९८ अंशांना उकळतं. प्रोब उकळत्या पातेल्यात, प्रीसेट फिरवून काटा ९८ वर. मुंबईत कॅलिब्रेट करून आणलेलं आणि इथं "१०० ला उकळतंय का बघ" म्हणून तपासलेलं यंत्र बिचारं बरोबर असूनही शिव्या खातं.

काटा काहिलीवर लागला तेव्हा आबांनी आधी प्रोबची जागा बदलायला लावली. मी कडेला लावला होता, केबल आखूड पडावी म्हणून. "कडंला फेस असतोय. फेसाचं माप घिऊन काय करायचं?" तळाला टेकवला तर जाळाचं तापमान मिळणार, वर ठेवला तर फेसाचं. त्यांनी दाखवलेली जागा मधली, तळापासून चार बोटं वर, जिथं रस उलथापालथ होऊन वर येतो. मला त्याचं कारण सांगता येतं. त्यांना जागा सांगता येत होती.

नंतरचा तास मी काट्याकडं बघत होतो आणि आबा काहिलीकडं. रस ९९ च्या आसपास उकळायला लागला आणि काटा तिथंच बसला. भेंडीचं पाणी घातलं, मळी वर आली, काढली, काटा हलायचं नाव घेईना. पाणी जोवर भरपूर आहे तोवर सगळी आग पाणी उडवण्यात जाते. मग १००, १०१, हळूहळू. १०५ नंतर चाल बदलली. पाणी कमी झालं, साखरेचं प्रमाण वाढलं, तसा उत्कलनबिंदू वर चढत गेला, आणि शेवटी एकेक अंश आधीच्यापेक्षा लवकर यायला लागला. म्हणजे काटा दाखवत होता ते खरं तर रसात उरलेलं पाणी. आबांची पाण्यात गोळी करून बघायची परीक्षा हीच: गार पाण्यात थेंब टाकायचा, गोळी वळायची, काहिलीच्या कडेवर मारायची, टणकन वाजली की गूळ झाला. तेही उरलेलं पाणीच मोजत होते, बोटांनी आणि कानांनी.

११४ च्या पुढं आबा पहिल्यांदा वळून डब्याकडं आले. आकडा त्यांनी वाचला नाही. थोडा वेळ काट्याची चाल बघितली आणि ओरडले, "जाळ मोडा रं! काटा पळालाय!"

डिजिटल न लावण्याचं हे दुसरं कारण, भावनिक नसलेलं. ११४, ११५, ११६ असे आकडे बदलताना दिसतात, पण त्यांचा वेग मनात मोजावा लागतो. काट्याचा वेग नुसता दिसतो. शेवटच्या चार अंशांत गुळव्याला वेगच हवा असतो, कारण चुलवाणात चिपाडं घालणं थांबवलं तरी तळातली धग लगेच जात नाही. काहील उतरवेपर्यंत रस अजून एखाददोन अंश चढतो. वेग बघून आधीच जाळ मोडावा लागतो. फाउंड्रीत हीच गोष्ट उलटी असते. तिथं प्लॅटिनम-ऱ्होडियमचं टोक रसात काही सेकंदच टिकतं, एकदा बुडवलं की संपलं. तेवढ्यात जो आकडा स्थिर होईल तो टिपून ठेवायचा, आणि त्या कामाला डिजिटलच चांगलं. अॅनालॉग श्रेष्ठ, डिजिटल कनिष्ठ असलं काही माझं म्हणणं नाही. काय बघायचंय त्यावर आहे.

त्या दिवशी काहील ११८ ला थोडी कमी असतानाच उतरली. भावाला ते खटकलं. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की ११८ म्हणजे ११८. आबा म्हणाले, "ह्यो निडव्याचा ऊस हाय. खोडव्याला येगळं, लागणीला येगळं. काटा तुझा बरोबर असंल, ऊस काय त्येनं बघितलाय व्हय?" (लागण म्हणजे नव्यानं लावलेला ऊस, खोडवा त्याच्या बुडख्यातून आलेला, निडवा त्याच्याही पुढचा.) दुसऱ्या दिवशी त्यांनी काचेवर बारीक ब्रशनं तीन खुणा करवून घेतल्या, लाल, हिरवी आणि पांढरी. कोणती कशाची ते भावानं वहीत लिहून घेतलंय. आकड्यांच्या पट्टीकडं आता कुणी बघतच नाही, आणि मला ते चाललं.

आता आबांना गार करायच्या वाफ्यातल्या गुळालाही काटा हवाय, रवे (ढेपा) भरायची वेळ साधायला. तिथं तापमान खाली उतरत असतं आणि ९० च्या आत काम असतं, त्यामुळं टी टाइप, म्हणजे तांबं-कॉन्स्टंटन, घ्यावा म्हणतोय. त्या पट्ट्यात तो के टाइपपेक्षा अचूक आणि ओलीला न भिणारा. त्याचाही हिशेब अंशाला ४३-४४ मायक्रोव्होल्टच्या आसपास येतो, म्हणजे गेन थोडा कमी करायचा, बाकी डबा तोच. एलएम ३५ ला काही फरक पडत नाही. तार कुठं मिळते ते उद्यमनगरात विचारून ठेवलंय.